डीबीवर स्टिकर लावायचा का? लावा, पण दाराच्या आतून

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं उफाळून आलं, म्हणून जरा लांब लिहितोय. तुमची हकिकत थोडक्यात अशी: टू बीएचकेचं कन्सिल्ड, म्हणजे भिंतीत गाडलेलं, वायरिंग मन लावून केलं, शेवटी डीबीच्या (घरातली लाइन जिथून वेगवेगळ्या सर्किटांत वाटली जाते ती पेटी, डिस्ट्रिब्युशन बोर्ड) दारावर नावाचा-नंबरचा स्टिकर चिकटवला, आणि घरमालकीणबाईंनी तो तुमच्या देखत सोलून काढला. वर ‘हे घर आहे, एसटी स्टँड नाही’ हेही ऐकवलं. आता तुम्ही विचारताय, स्टिकर लावायचाच सोडून देऊ का?

सोडू नका. पण बाईंचं काही चुकलं असंही मला वाटत नाही. हॉलच्या भिंतीला त्यांनी हौसेने रंग दिलेला, तिथे लाल-पिवळा स्टिकर आणि त्यावर वीज कडाडल्याचं चित्र! माझ्या बायकोनेही काढलाच असता.

डीबी कुठे बसवायचा, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) कितीचा, वायर किती जाडीची यात शिरत नाही, ते तुम्हाला येतंच. मला सांगायचंय ते स्टिकरवर काय लिहिलेलं असतं त्याबद्दल. आपण सगळे तो जाहिरात म्हणून लावतो. नंतर काही बिनसलं की समोरचा माणूस तो सही म्हणून वाचतो. मधल्या मधे आपण सापडतो.

आमच्या भागातल्या एका कापड दुकानाचं काम मी केलं होतं. जुनं लाकडी पट्टीवरचं वायरिंग काढून सगळं नवीन, आठ वेचा (म्हणजे आठ सर्किटांची जागा असलेला) डीबी, आरसीसीबी (करंट कुठे गळला की लाइन तोडणारा स्विच), नवीन अर्थिंग. सहा सर्किट वापरात, दोन वे पुढच्यासाठी रिकामे, आणि त्या रिकाम्या खाचा प्लॅस्टिकच्या पट्टीने बंद. काम संपलं, दाराच्या बाहेर स्टिकर लावला, पैसे मिळाले, विषय संपला.

दोन-तीन दिवाळ्या गेल्या. मग एका उन्हाळ्यात दुपारी डीबीतून धूर. आग म्हणावी एवढी मोठी नव्हती. डीबीच्या आतलं वितळलं, शेजारच्या फळीवरचे साड्यांचे गठ्ठे गेले आणि उरलेल्या मालाला जळका वास धरला. मालाचा विमा होता. सर्व्हेअर येऊन फोटो काढून गेला, मला पत्ताही नाही. दाराचा रंग फुगून पापुद्रे निघाले होते, पण माझा स्टिकर अर्धा शाबूत. मोबाइल नंबरचे सगळे आकडे स्वच्छ वाचता येत होते.

झालं काय होतं? माझ्यानंतर कुणीतरी येऊन त्या दोन रिकाम्या वेवर एसी आणि बाहेरचा एलईडी बोर्ड जोडला होता. फेजला एमसीबी बसवले, ते ठीक. न्यूट्रल मात्र लिंकमध्ये (सगळ्या न्यूट्रल वायर जिथे स्क्रूने आवळतात ती धातूची पट्टी) एकाच स्क्रूखाली दोन-दोन वायर कोंबलेल्या. एक जाड, एक बारीक. जाड वायरवर स्क्रू बसतो, बारीक वायर नुसती टेकून राहते. वर उन्हाळाभर एसी चालू. सांधा ढिला असेल तर तिथे उष्णता धरते, पण करंट काही वाढत नाही, म्हणून एमसीबी पडत नाही. जातो तेवढाच करंट परत येतो, म्हणून आरसीसीबीही गप्प. दोन्ही उपकरणं त्यांच्या जागी बरोबर होती. स्क्रू ढिला आहे हे त्यांना कळायचा मार्गच नाही.

हे सगळं जळका लिंक हातात घेतला की अर्ध्या मिनिटात कळतं. त्या विम्याच्या कार्यालयात (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) तो लिंक कुणी हातात घेतला नाही. त्यांनी दुकानदाराला पत्र दिलं की संपूर्ण दुकानाचं वायरिंग योग्य असल्याचं ‘संबंधित इलेक्ट्रिशियन’चं प्रमाणपत्र आणा. संबंधित कोण? ज्याचा स्टिकर तो.

मी गेलो. सांगितलं की माझं काम अमुक तारखेपर्यंतचं, त्याचा टेस्ट रिपोर्ट हा, पुढे जे जोडलं ते माझं नाही. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, फोटो मोठा केला आणि म्हणाले, ‘नाव तुमचंच ना?’ नाव माझंच. त्याखाली मी हौसेने छापलेलं वाक्य, ‘सर्व प्रकारची इलेक्ट्रिकल कामे केली जातील’. ते त्यांनी मोठ्याने वाचलं आणि ‘सर्व प्रकारची’ यावर थांबले. मला हसावं की रडावं कळेना.

आता पेच बघा. प्रमाणपत्र दिलं तर दुसऱ्याच्या कामाखाली माझी सही आणि माझं लायसन्स पणाला. नाही दिलं तर दुकानदाराचा क्लेम अडकतो आणि त्याला वाटतं मी अंग काढून घेतोय. त्याने तसंच धरलं. त्याच्या भावाच्या बंगल्याचं माझं काम चालू होतं, त्याचं बिल थांबवलं. कार्यालयात कधी फाइल वरच्या टेबलवर, कधी वरचे साहेब दौऱ्यावर, कधी ‘लेखी द्या’. लेखी दिलं तर ‘या नमुन्यात नाही’. नमुना मागितला तर नमुना नाही! असले हेलपाटे घातले आहेत कुणी? ज्यांनी घातलेत त्यांना पुढचं सांगायची गरज नाही.

शेवटी गाडी पुढे सरकली ती एका फोटोमुळे. काम संपवताना डीबीचं दार उघडून काढलेला फोटो, ज्यात त्या दोन खाचांवर पांढरी पट्टी स्पष्ट दिसते. सर्व्हेअरच्या फोटोत त्याच जागी दोन एमसीबी, तेही वेगळ्या कंपनीचे. दोन फोटो शेजारी ठेवल्यावर साहेब म्हणाले, ‘हे आधी का नाही दिलंत?’ पहिल्याच अर्जाला त्याची प्रिंट जोडली होती. त्यांच्याच फाइलमध्ये, त्यांच्याच टाचणीने टोचलेली.

क्लेम काही अंशी मिळाला. बंगल्याचं बिल सावकाश मिळालं. दुकानदार आजही रस्त्यात भेटला तर दुसरीकडे बघतो.

तेव्हापासून मी काय करतो ते सांगतो. ही माझी पद्धत आहे, नियम नाही. मी वकील नाही, विम्यातलाही नाही. तुमच्याकडे वेगळा अनुभव असेल तर तो धरा.

एक तर स्टिकर दाराच्या आतून. पाहुण्याला तो बघायची गरज नाही, पुढच्या वायरमनला आहे, आणि तो दार उघडणारच. बाहेर लावलेल्या स्टिकरवरून फोन येऊन काम मिळालं असं माझ्या बाबतीत क्वचितच झालं. कामं मिळतात ती शेजारणीने शेजारणीला नंबर दिल्यावर.

दुसरं, त्यावर नाव-नंबरापेक्षा काम जास्त. माझ्या स्टिकरवर आता असं असतं: ‘या डीबीतील सर्किट १ ते ६. काम पूर्ण: (महिना, वर्ष). रिकामे वे: २. यानंतर बदल करणाऱ्याने खाली तारीख व नाव लिहावे.’ मग तीन-चार रिकाम्या ओळी, आणि अगदी खाली बारीक अक्षरात नाव, मोबाइल, लायसन्स नंबर. खालच्या ओळी किती जण भरतात? फारसं कुणी नाही. पण ओळ रिकामी आणि एमसीबी जागेवर, एवढ्यानेच पुष्कळ काही सिद्ध होतं. हाच मजकूर बिलावर येऊ द्या आणि दार उघडं ठेवून काढलेला फोटो त्याच दिवशी गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. फोन बदलला, हरवला, तरी गिऱ्हाइकाकडे तारखेसकट राहतो.

फक्त एकच पॉइंट वाढवला असेल तर अख्ख्या डीबीवर आपला शिक्का मारू नका. एसीचा पॉइंट काढून दिलात ना? मग त्या सर्किटपुरती चिठ्ठी, त्या एमसीबीशेजारी. एसी बसवणारी पोरं एक वायर ओढतात आणि मेन डीबीवर हातभर स्टिकर लावून जातात, ती उद्या अशीच अडकणार आहेत. त्यांना सांगून पाहिलं, हसतात.

लायसन्स नंबरबद्दल काही जण कुरकुर करतात. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर बाकी काम लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांत होतं आणि २०२३ च्या नव्या विनियमांतही आहे. नंबर छापायला लाज वाटत असेल तर कारण काय ते ज्याचं त्याने बघावं. दुसऱ्याच्या लायसन्सवर सही घेऊन काम करणाऱ्यांनी निदान स्टिकर तरी लावू नये.

आता कुठे लावू नये. एमसीबीवर छापलेला अँपिअरचा आकडा झाकणारा स्टिकर मी डोळ्यांनी पाहिलाय. आरसीसीबीच्या टेस्ट बटणावर चिकटवलेलाही पाहिलाय! ते बटण अधूनमधून दाबून बघायचं असतं हे गिऱ्हाइकाला सांगायचं राहिलं बाजूला, वर ते झाकूनच टाकायचं. मीटरवर आणि मीटरच्या सीलजवळ तर काहीच नको, ती आपली मालमत्ता नव्हे. मॉड्युलर स्विचच्या प्लेटवर नको, गीझरवर नको, बेलच्या बटणाखाली तर मुळीच नको.

दुसऱ्याचा स्टिकर सोलून त्या जागी आपला लावणं हा आपल्या धंद्यातला सगळ्यात हलका प्रकार. नीतिमत्ता बाजूला ठेवा, व्यवहार बघा. त्याने दहा वर्षांपूर्वी भिंतीत काय गाडलंय हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि त्याचं नाव पुसून तुम्ही ते सगळं आपल्या नावावर करून घेताय. मी जुना स्टिकर तसाच ठेवतो, त्याच्या खाली आपला लावतो.

विषय निघालाच आहे तर, नावाचा स्टिकर एकवेळ नसला तरी चालेल, पण इन्व्हर्टर असलेल्या घरात एक चिठ्ठी हवीच हवी: ‘मेन बंद केला तरी इन्व्हर्टरची लाइन चालू राहते. आधी इन्व्हर्टर बंद करा.’ मेन पाडला, टेस्टरने एक पॉइंट तपासला, तो मेला होता म्हणून शेजारच्या बोर्डात हात घातला आणि झटका खाल्ला, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांचं झालेलं आहे. छतावर सोलर असेल तर तिथेही तसंच: मेन पाडला तरी ऊन असेतोवर पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतची डीसी वायर जिवंतच असते. या चिठ्ठीला कुठल्याही घरमालकीणबाईंनी मला आजवर नाही म्हटलेलं नाही. उलट एका आजींनी तीच मोठ्या अक्षरात लिहून मागितली आणि देवघराशेजारच्या बोर्डावर लावून घेतली.

सर्किटचा चार्टही असाच. ‘किचन पॉवर’, ‘बाथरूम गीझर’, ‘बेडरूम १ लाइट’ असं मराठीत, घरातल्यांना वाचता येईल असं लिहा. ‘सर्किट ३’ वाचून रात्री दोन वाजता कुणाला काही कळत नाही. पाण्याच्या मोटरचा एमसीबी कुठला हे कळावं म्हणून लोक अख्खं घर अंधारात घालतात.

कागदाबद्दलही सांगतो, कारण यात मी पैसे घालवलेत. बिलाच्या मशीनवर निघतात तसले थर्मल स्टिकर घेऊ नका. गरम जागेत ते काळे पडतात, नाहीतर अक्षरं उडतात. साध्या कागदावर बॉलपेनही टिकत नाही. व्हिनाइलचा स्टिकर आणि पर्मनंट मार्कर घ्या, तारीख हाताने घाला. मोबाइल नंबर बदलला तर जुना नंबर पुढे दुसऱ्याला दिला जातो, मग त्या बिचाऱ्याला रात्री-अपरात्री ‘लाइट गेली’ म्हणून फोन. माझा जुना नंबर सध्या एका शिक्षकांकडे आहे. सज्जन माणूस, फोन आला की माझा नवा नंबर देतात.

आणि मॉड्युलर प्लेटवर आधीच लावलेले स्टिकर काढायचे असतील तर थिनर किंवा पेट्रोल अजिबात वापरू नका. प्लेट पॉलिकार्बोनेटची असते, पांढरट पडते, कधी तडकते, आणि मग नवी प्लेट तुमच्या खिशातून. मेन बंद करा, फडक्याला खोबरेल तेलाचं बोट लावा, गोंदावर चोळून पाच मिनिटं थांबा आणि नखाने सरकवा. तेल फडक्याला, प्लेटवर ओतायचं नाही.