हॅम्बर्गच्या हाम भागात घर घेण्याविषयी

कार्यालय हॅमरब्रुकमध्ये असल्याने शेजारच्या हाम भागात घर घ्यावे का, आणि तिथे जमिनीत अजूनही महायुद्धातील बॉम्ब सापडतात याची धास्ती बाळगावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते घर अवश्य घ्यावे. मात्र या वस्त्या आज अशा का दिसतात, हे येण्यापूर्वी जाणून घ्यावे.

२४ जुलै १९४३ च्या रात्री सुरू झालेल्या ‘ऑपरेशन गोमोरा’ या मोहिमेत ब्रिटिश विमानांनी रात्री आणि अमेरिकन विमानांनी दिवसा या शहरावर हल्ले केले. जर्मन रडार निकामी करण्यासाठी धातूच्या वर्खाच्या पट्ट्या आकाशातून सोडण्याची युक्ती ब्रिटिशांनी येथेच प्रथम वापरली. २७ जुलैच्या रात्री, कोरड्या उन्हाळी हवेत, हॅमरब्रुक, हाम आणि रोथेनबुर्गसोर्ट या दाट कामगारवस्त्यांतील आगी एकमेकींत मिसळून अग्निवादळ उठले. संपूर्ण मोहिमेत ३० हजारांहून अधिक माणसे दगावली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. त्यामुळेच हॅमरब्रुकमध्ये आज घरांपेक्षा कार्यालये जास्त आहेत, तर हाममध्ये आपल्याला प्रामुख्याने १९५० च्या दशकातील साध्या विटांच्या इमारती दिसतील, ज्यांतील खोल्या लहान असल्या तरी राहण्यास सोयीच्या असतात.

न फुटलेले बॉम्ब बहुधा बांधकामासाठी खोदाई करताना सापडतात आणि अग्निशमन दलाचे खास पथक ते निकामी करते. तोवर भोवतालचा परिसर रिकामा करावा लागतो, म्हणून ‘नीना’ हे सूचना देणारे अ‍ॅप फोनवर ठेवावे आणि पासपोर्ट, निवासपरवाना व औषधे चटकन उचलता येतील अशी एकत्र ठेवावीत. पोलिसांनी निघण्यास सांगितल्यावर थांबू नये.

एक आग्रहाची विनंती. या हल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या सेंट निकोलाई चर्चचा उरलेला मनोरा सारेच पाहतात, कारण तो शहराच्या मध्यावर आहे. पण तेवढ्यावर थांबल्यास हॅम्बर्ग केवळ बळी ठरते, आणि ते खरे नाही. नाझी राजवटीने सुरू केलेल्या युद्धासाठी याच बंदरात पाणबुड्या बांधल्या जात होत्या. याच शहराच्या हद्दीतील नॉयनगामे छळछावणी, तिच्या उपछावण्या आणि अखेरीस कैद्यांना हलवताना मिळून किमान ४२ हजार ९०० कैदी मरण पावले, आणि हल्ल्यांनंतर ढिगाऱ्यांतून प्रेते व बॉम्ब काढण्याचे काम तिथल्याच कैद्यांकडून सक्तीने करवून घेतले गेले. बेर्गेडोर्फपर्यंत लोकल आणि पुढे बस असा तिथला रस्ता आहे. सवडीने, पूर्ण दिवस काढून जावे.