इलेक्ट्रॉन तुटत नाही, मग क्वांटम हॉल परिणामात १/३ येतो कुठून?

इलेक्ट्रॉन तुटत नाहीच. एमएस्सीला मीही इथेच अडकलो होतो.

गॅलियम आर्सेनाइड आणि त्याच्यासारख्याच दुसऱ्या अर्धवाहकाच्या सांध्यावर इलेक्ट्रॉन इतक्या पातळ थरात कोंडले जातात की त्यांना वर-खाली हलताच येत नाही. थर निरपेक्ष शून्याजवळ थंड करून काटकोनात चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं, की हॉल रोध (प्रवाहाच्या आडवा मिळणारा व्होल्टेज भागिले प्रवाह) पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फॉन क्लिट्झिंग यांना १९८० मध्ये सिलिकॉनमध्ये दिसलेल्या पायऱ्या २५,८१३ ओहम भागिले १, २, ३ अशा होत्या. त्या एकेकट्या इलेक्ट्रॉनचा विचार करूनही समजतात.

ऑक्टोबर १९८१ मध्ये त्सुई आणि श्टोर्मर हे भौतिकशास्त्रज्ञ शोधत होते इलेक्ट्रॉनांचा स्फटिक. क्षेत्र आणखी वाढवल्यावर भलतीकडेच काहीतरी उमटलं. त्सुईंनी आलेखावर शून्यापासून शेवटच्या पूर्णांकी पायरीपर्यंतचं अंतर दोन बोटांत धरलं, त्याच मापाने नवी जागा मोजली. भरलं तीन, म्हणजे १, २, ३ च्या जागी भाजक १/३. ‘क्वार्क!’ म्हणाले. अर्थात गमतीने; क्वार्क म्हणजे प्रोटॉनच्या आतले, एक तृतीयांशाच्या पटीत प्रभार असलेले कण.

एवढ्या क्षेत्रात सगळे इलेक्ट्रॉन सर्वांत खालच्या लॅन्डाऊ पातळीत (चुंबकीय क्षेत्रातल्या ठरावीक ऊर्जेच्या पायरीवर) असतात, सगळ्यांची गतिज ऊर्जा सारखीच. मग उरतं फक्त एकमेकांना टाळणं. क्षेत्रही पुंजांमध्ये, म्हणजे ठरावीक आकाराच्या छोट्या वाट्यांमध्ये, मोजता येतं, आणि १/३ म्हणजे एका इलेक्ट्रॉनमागे तीन पुंज. १९८९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जैनेंद्र जैन यांनी मांडलं की प्रत्येक इलेक्ट्रॉन दोन पुंज स्वतःला बांधून घेतो आणि ही जोडगोळीच नवा कण म्हणून वावरते. तिनातले दोन गेले, उरला एक: नव्या कणांची १ ची साधी पूर्णांकी पायरी! २/५ करून बघा. दोन इलेक्ट्रॉन, पाच पुंज, चार बांधले, एक उरला. दोन कणांमागे एक पुंज, म्हणजे २ ची पायरी.

१/२ ला तर काहीच उरत नाही. बाहेर प्रचंड क्षेत्र, पण नव्या कणांच्या लेखी सरासरी शून्य, त्यामुळे तिथे पायरी नाही, धातूसारखं वागणं. मला हेच सगळ्यात भन्नाट वाटतं.

१/३ ला इलेक्ट्रॉनच्या एक तृतीयांश एवढा प्रभारही दिसतो, पण तो इलेक्ट्रॉनचा तुकडा नव्हे. १/३ च्या अवस्थेत एक पुंज जास्त घातला, की सगळा जमाव किंचित सरकतो आणि तिथे तेवढ्या प्रभाराची तूट पडते. १९९७ मध्ये इस्रायल आणि फ्रान्समधल्या गटांनी विद्युतप्रवाहाचा गोंगाट (त्यातले बारीक चढउतार) मोजून हा प्रभार पकडला.

५/२ ची पायरी मात्र या बेरीज-वजाबाकीत बसत नाही. तिथे या नव्या कणांच्या जोड्या जमतात असं मानतात, पण त्यासाठी वेगळा प्रश्न विचारा.