डोंगराच्या तैलचित्रातलं टेक्श्चर आणि तंत्र नवख्यानं कसं पाहावं?

आधी चित्राच्या बाजूला जाऊन उभे राहा. तिरप्या उजेडात रंगाचे उंचवटे दिसतात, समोरून निम्मे लपतात.

सोलापुरात माझं फ्रेमचं दुकान आहे. साडूंनी जुळे सोलापुरात बंगला बांधला आणि हॉलसाठी हिमालयाचं भलंमोठं 'ओरिजिनल ऑइल' घेऊन दुकानात आले. म्हणे, वर काच बसवा. जाड रंगाला काच टेकवत नाहीत, हे सांगायच्या आधी मी ते दाराच्या उजेडाला तिरपं धरलं. फटकारे भरपूर, पण सगळे पारदर्शक! शिखराची कड उजवीकडे उतरत होती आणि फटकारा तिला आडवा कापून सरळ आभाळात गेलेला. रंग थापायच्या बोथट चाकूनं (पॅलेट नाइफ) बर्फ चढवणारा हात उताराच्या अंगानं ओढतो. रंग सुटतो तिथं खरबरीत कड राहते, खालचा तपकिरी थर मधूनमधून डोकावतो. इथं बर्फाला आणि आभाळाला एकच चकाकी. भिंग लावलं तर छपाईचे ठिपके. छापील कॅनव्हासवर ब्रशनं पारदर्शक जेल फिरवलेलं होतं, बस्स.

साडू म्हणाले, "फोटोसारखं हुबेहूब आहे की, अजून काय पायजे?" फोटोच हवा होता तर फोटो लावायचा होता, असं मी बोललो. तेव्हापासून माझ्या दुकानात त्यांची एकही फ्रेम आलेली नाही.

जाड रंग म्हणजे कसब, हेही खूळच. लांबच्या रांगा पातळ रंगात, निळसर, कमी उठावाच्या हव्यात. जाडी जवळच्या खडकाला शोभते. सगळीकडे सारखाच थापला की मागचा डोंगर अंगावर येतो. तुळजापूरच्या रस्त्यानं बालाघाटाच्या मागच्या टेकड्या बघा, फिकटच दिसतात. फ्रेंच चित्रकार सेझाननं तर त्याच्याकडच्या सेंत-व्हिक्त्वार डोंगराच्या शेवटशेवटच्या चित्रांत कॅनव्हास ठिकठिकाणी कोराच सोडलाय. आणि हिमालय म्हटलं की लोक रशियन चित्रकार निकोलाय रोरिकचं नाव घेतात. त्याचं बरंचसं काम टेम्परातलं, म्हणजे पाण्यात कालवून पातळ लावायच्या रंगातलं आहे, तिथं जाड थर शोधत बसू नका.

हां, छापील चित्र लावणं हा काही गुन्हा नाही, छापील म्हणून विकलं तर. ॲक्रिलिकमध्येही चाकूकाम जाड होतं, त्यामुळे नुसत्या जाडीवरून तैलरंग ठरवू नका. विकत घेणार असाल तर बिलावर 'तैलरंग, हातानं रंगवलेलं' असं लिहून मागा. साडूंच्या बिलावर नुसतं 'वॉल पीस' होतं.