भोवती समुद्र असताना तुरुंग कशासाठी?

प्रश्न : नुकताच अंदमानला जाऊन आलो. सेल्युलर तुरुंग पाहताना मनात आले, की बेटावरचा कैदी पळून तरी कोठे जाणार होता? मग एवढी अवाढव्य इमारत सरकारने कशासाठी बांधली? आणि सगळे बंदिवान जन्मभर त्या कोठड्यांतच असत काय?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : ‘काळे पाणी’ म्हणजे सेल्युलर तुरुंग, हे आपल्या मनात इतके पक्के बसले आहे, की ही इमारत नव्हती तेव्हाही काळे पाणी जवळजवळ चाळीस वर्षे चालूच होते, याचा विसर पडतो. १८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये, बंदिवानांची पहिली तुकडी पोर्ट ब्लेअरला उतरली. जंगल तोडून वसाहत उभारणे हीच त्यांची शिक्षा होती. पुढे वसाहत स्थिरावली आणि जुन्या कैद्यांना जमीनतुकडा मिळू लागला. १८९० साली लायल आणि लेथब्रिज हे अधिकारी पाहणीस आले, तेव्हा हिंदुस्थानातल्या तुरुंगापेक्षा अंदमान बरे, असे कैद्यांनाच वाटू लागल्याचे त्यांना आढळले. कैदी उतरल्याबरोबर त्याला एका कडक पहिल्या टप्प्यातून काढावे, ही त्यांची शिफारस. त्यातून १८९६ ते १९०६ या काळात हा तुरुंग, तोही कैद्यांच्याच हातांनी, बांधला गेला. पळून जाण्याची भीती हे त्याचे कारण नव्हतेच. शिक्षेचा ओसरलेला धाक सरकारला पुन्हा बसवायचा होता.

मध्ये मनोरा, त्यापासून फुटलेल्या सात तिमजली चाळी, आणि एका चाळीच्या दारांसमोर दुसऱ्या चाळीची पाठ, अशी ती रचना होती. शेजारच्या माणसाचे तोंडही दिसू नये, हाच तिचा हेतू.

मात्र कोठड्या होत्या सुमारे सातशे, आणि १९०१ च्या सुमारास वसाहतीत कैदी होते दहा हजारांहून अधिक. तेव्हा सगळे आत राहणे शक्यच नव्हते. सामान्य जन्मठेपीच्या कैद्याला सहा महिने एकांत कोठडी, मग दीड वर्ष तुरुंगातच इतरांसोबत काम, त्यानंतर तीन वर्षे बराकीत राहून बाहेर मजुरी, अशा पायऱ्या चढाव्या लागत. पुढच्या पाच वर्षांत वॉर्डरसारखी देखरेखीची कामे मिळू शकत, आणि दहा वर्षे चांगली वर्तणूक ठेवणाऱ्याला ‘तिकीट’ मिळून तो स्वतःच्या कमाईवर राहू शके. त्याला गावाहून बायकामुले आणवता येत किंवा वसाहतीतल्या एखाद्या बंदिवान स्त्रीशी लग्न करता येई. या संसारांतून जी पिढी जन्मली, ती हिंदुस्थानी बोलत वाढली.

ही शिडी राजकीय बंद्यांना जवळजवळ बंदच होती, आणि माझ्या मते खरा अन्याय येथे आहे. दिवसाला तीस पौंड खोबरेल काढण्याचा कोलू, म्हणजे तेलाचा घाणा, त्यांच्या वाट्याला आला, पण बाहेर पडण्याची सामान्य कैद्याची सवलत आली नाही. सावरकरांनी १९१३ सालच्या अर्जात हीच तक्रार मांडली होती, की राजबंदी म्हणून विशेष वागणूक नाही आणि सामान्य कैद्याचे हक्कही नाहीत.

प्रश्न : अंदमानात गेलेले क्रांतिकारक बारींद्र घोष वडोदऱ्याचे होते, असे ऐकले. खरे काय?
— एक वाचिका, रावपुरा, वडोदरा

उत्तर : अर्धेच खरे. वडोदऱ्याशी दीर्घ संबंध होता तो त्यांचे थोरले बंधू अरविंद (पुढचे योगी अरविंद) यांचा. ते १८९३ पासून १९०६ पर्यंत संस्थानच्या सेवेत होते आणि बडोदा कॉलेजात शिकवीत. बारींद्र काही काळ भावाकडे येथे राहिले, एवढेच. पुढे अलिपूरच्या बॉम्ब खटल्यात त्यांना झालेली फाशी जन्मठेपेत बदलली आणि १९०९ साली त्यांची रवानगी अंदमानात झाली. अरविंद त्याच खटल्यात निर्दोष सुटले होते.