सीडी-इन्फो (cd-info, सीडीची माहिती दाखवणारी कमांड) पहिल्यांदा चालवताय?

एवढं लांबलचक आउटपुट बघून गांगरू नका. ऑडिओ सीडी ड्राइव्हमध्ये घाला, फिरून स्थिर होऊ द्या, मग नुसती कमांड द्या. पर्याय नंतर बघू. आधी ट्रॅकचा तक्ता वाचता आला पाहिजे. नवखे हमखास अडखळतात ते इथे:

- ०४:१२:६० मधले ६० म्हणजे शतांश सेकंद नव्हेत, फ्रेम. सेकंदाला ७५ फ्रेम असतात, त्यामुळे हा आकडा ७४ च्या पुढे जात नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा गोंधळ मिटतो.
- पहिला ट्रॅक ००:०२:०० ला सुरू होतो. तो बिघाड नाही.
- शेवटची १७० क्रमांकाची ओळ गाण्याची नाही, तिथे ध्वनी संपतो.

गाण्यांची नावं नाही दिसली? बहुतेक सीडींवर ती नसतातच. ड्राइव्हला दोष देऊ नका.