'फ्री रेन'मधला जी कुठून आला?

प्रश्न असा आहे की मेलमध्ये 'टीमला फ्री रेन दिलाय' लिहिताना रेनचं स्पेलिंग आर-ई-आय-जी-एन केलं आणि साहेबांनी चूक काढली, पण रेन म्हणजे राज्य, मोकळं राज्य दिलं, अर्थ तर बसतोय, मग चूक कशी?

अर्थ बसतोय म्हणूनच ही चूक इंग्लंड-अमेरिकेतले लोकही सर्रास करतात. पण मूळ शब्द आर-ई-आय-एन, म्हणजे लगाम. राज्यवाला रेन लॅटिन 'रेग्नम'वरून आलाय आणि लगामवाला 'रेतिनेरे'वरून, म्हणजे धरून ठेवणे. दोघांचं नातं काही नाही, फक्त उच्चार सेम.

माथेरानला घोड्यावर बसलात तर हे लगेच कळेल. मी उतारावर घाबरून लगाम गच्च ओढून धरला होता, तर घोडेवाले मामा म्हणाले, ढिला सोडा, त्याला वाट दिसू द्या. सोडला तसा घोड्याने मान खाली घातली, दगड बघून बघून एकेक पाय टाकत आरामात खाली उतरला. फ्री रेन म्हणजे हेच, ज्याला वाट कळते त्याच्यावर सोडून देणं, आणि यात राज्यबिज्य काही नाही, उलट भरवसा आहे, जो त्या एका जीमुळे पार निघून जातो याचं मला खरंच वाईट वाटतं.

लंडनमधली घोड्यांची शेवटची बस १९१४ला बंद झाली. हातातून लगाम गेला, शब्द तोंडात राहिला, मग कानाला जे ऐकू येतं त्यात लोक ओळखीचा अर्थ भरतात. 'चॅम्पिंग ॲट द बिट'चं पण तेच, अधीर झालेला घोडा तोंडातली लगामाची लोखंडी सळी कराकरा चावतो त्याला चॅम्पिंग म्हणायचे, आता बहुतेक जण चॉम्पिंग म्हणतात.

'गिफ्ट हॉर्सच्या तोंडात बघू नये' ही म्हण मात्र आपल्याला लगेच कळायला हवी, कारण वय वाढतं तसे घोड्याचे दात लांब दिसायला लागतात, म्हणून विकत घेताना आधी जबडा उघडून बघायचे. आपली 'धर्माची गाय आणि दात का नाय' अगदी तीच. बैलबाजारात आजही दोन दाती, चार दाती असाच भाव होतो. पण 'महागाईला वेसण' ही हेडलाइन रोज वाचणाऱ्या किती जणांनी बैलाच्या नाकातून ओवलेली ती दोरी जवळून पाहिलीय? माझ्या भाचीला वेसण म्हणजे ब्रेक वाटायचा, आणि कासरा, म्हणजे बैल हाकताना हातात धरायचा दोर, तर तिने ऐकलेलाच नव्हता.

तर मेलमधला जी काढा. मराठीत लिहायचं असेल तर 'मोकळीक दिली' पुरे, पण 'लगाम सैल सोडला' लिहिलंत तर मला जास्त आवडेल.