गिफ्ट कार्ड कशाला हवंय, ते मुलगा सांगेना

प्रश्न : आम्ही अमेरिकेत, एडिसनला राहतो. पंधरा वर्षांचा मुलगा चार-पाच दिवस धड जेवत नाही, फोन उशाखाली घेऊन झोपतो. काल माझ्याकडे दोनशे डॉलरचं गिफ्ट कार्ड मागितलं. फोन काढून घेऊ का? हे म्हणतात, वयच तसं आहे.

उत्तर : आज तरी फोन काढून घेऊ नका. वयाचा भाग असेलही, पण गिफ्ट कार्ड म्हटल्यावर माझ्या मनात वेगळीच शंका येते.

इन्स्टाग्रामवर किंवा एखाद्या गेममध्ये एक ‘मुलगी’ ओळख काढते. गप्पा स्नॅपचॅटवर जातात. आधी ती स्वतःचा म्हणून कुणाचा तरी नको तसला फोटो पाठवते, मग त्याचा मागते. तो गेला की लगेच त्याच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट येतो : पैसे किंवा गिफ्ट कार्ड पाठव, नाहीतर हा फोटो या सगळ्यांना पाठवते. पलीकडे बहुतेक वेळा टोळी असते. एफबीआय सांगते की यात मुख्यतः १४ ते १७ वयाचे मुलगे सापडतात. आपल्याकडे मुलीला दहा सूचना आणि मुलाला एकही नाही, त्याचं हे फळ.

गाडीत शेजारी बसवून सरळ विचारा : “फोटोवरून तुला कुणी धमकावतंय का? असेल तर गुन्हा त्याचा आहे. मी रागावणार नाही, फोनही घेणार नाही.” तो इंग्रजीत बोलला तर बोलू द्या. मराठी सुधारायची ही वेळ नव्हे. बाबांनी त्या दिवशी भाषण देऊ नये, एवढं आधी ठरवून घ्या.

शंका खरी निघाली तर एक डॉलरही देऊ नका, दिला की मागणी वाढते. चॅट पुसू नका. खात्याचं नाव, धमक्या, पैशांची मागणी यांचे स्क्रीनशॉट घ्या. मूळ फोटो मात्र कुणालाही पाठवायचा नाही, वकील असलेल्या मामालासुद्धा नाही. अल्पवयीन मुलाचा असला फोटो पुढे पाठवणं हाच अमेरिकेत गुन्हा ठरू शकतो. मग खातं रिपोर्ट करा आणि ब्लॉक करा.

‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. तिथे फोटो अपलोड करावा लागत नाही. फोनवरच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून आपापल्या साइटवर तो फोटो शोधतात आणि हटवतात. नावही द्यावं लागत नाही. तक्रार एफबीआयकडे ऑनलाइन करता येते, किंवा हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राकडे (एनसीएमईसी) १-८००-८४३-५६७८ वर. ब्रिटनमध्ये चाइल्डलाइनचं ‘रिपोर्ट रिमूव्ह’ आहे, ऑस्ट्रेलियात ई-सेफ्टी कमिशनर.

“आम्ही व्हिसावर, पोलिसांची भानगड नको,” असं मनात येईल. पण तुमचा मुलगा इथे आरोपी नाही, त्याच्यावर गुन्हा झाला आहे.

आणि आज रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका. धमकी आल्यावर काही तासांत मुलांनी जीव दिल्याची उदाहरणं आहेत. तो तसं काही बोलला तर ९८८ या आत्महत्या रोखण्यासाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, लगेच.

पुण्याच्या आजी-आजोबांना सांगायचं की नाही, हे त्याला ठरवू द्या. फॅमिली ग्रुपवर तर एक अक्षरही नको.